जुळलं म्हणजे रोगकारक ठरलं का?

प्रकल्पांचे दिवस आले की जिवाणूंची रोगकारक प्रथिनं संगणकावर कशी तपासायची, याचे प्रश्न वाढतात. कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांच्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

आमच्या जिवाणूत 'हायपोथेटिकल प्रोटीन' (काम अज्ञात) अशी नोंद असलेलं २८६ अमिनो आम्लांचं एक प्रथिन आहे. व्हीएफडीबी या रोगकारक घटकांच्या डेटाबेसमध्ये ब्लास्ट (क्रम जुळवून पाहणारा प्रोग्रॅम) चालवला, तर ते एका विषाशी ३४ टक्के जुळतं. अहवालात त्याला विष म्हणू का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी

एवढ्यावर म्हणू नका. आधी ३४ टक्क्यांच्या शेजारचा 'क्वेरी कव्हरेज', म्हणजे तुमच्या प्रथिनाचा किती भाग जुळला, तो बघा. २८६ पैकी ७० अमिनो आम्लंच जुळत असतील, तर तो बहुधा अनेक प्रथिनांत आढळणारा सामायिक तुकडा आहे. दोन्ही प्रथिनांची ७०-८० टक्के लांबी झाकली जाते आणि ई-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने अशा किती जुळण्या मिळतील तो आकडा) १ई-१० च्या, म्हणजे १० च्या उणे दहाव्या घाताच्या, खाली आहे, असं असेल तर ती एका कुळातली आहेत असं धरता येतं.

पण कूळ एक असलं तरी काम एकच असेल असं नाही. घटसर्पाच्या (डिप्थेरियाच्या) विषात ५३५ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या ५२ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं की सीआरएम१९७ हे प्रथिन तयार होतं. ते विषारी राहत नाही, इतकं की बाळांना देण्याच्या काही लशींत ते वाहक म्हणून वापरतात. ब्लास्टला मात्र त्यात ५३५ पैकी ५३४ जागा जुळलेल्या दिसतील. म्हणून ज्ञात विषातली उत्प्रेरक अमिनो आम्लं कोणती ते शोधा आणि तुमच्या प्रथिनात नेमक्या त्या जागांवर काय आहे ते दोन्ही क्रम एकाखाली एक मांडून बघा.

दुसरी चूक जास्त सर्रास होते. फक्त व्हीएफडीबीत शोधलं, तर जे सापडेल ते रोगकारकच दिसणार! त्यात पेशीची रोजची कामं करणारी ईएफ-टीयू आणि ग्रोईएलसारखी प्रथिनंही आहेत, आणि ती निरुपद्रवी जिवाणूंतही असतात. तोच शोध युनिप्रॉट या सर्वसाधारण प्रथिन-डेटाबेसच्या स्विस-प्रॉट (तज्ज्ञांनी तपासलेल्या) भागात पुन्हा घ्या. तिथे पहिला जोडीदार साधं विकर निघालं, तर विषाचा दावा सोडून द्या. ई-व्हॅल्यू डेटाबेसच्या आकाराबरोबर वाढते, त्यामुळे दोन डेटाबेसमधल्या ई-व्हॅल्यू शेजारी ठेवून तुलना करू नका.

भाऊबंद प्रजातीत जे प्रथिन बाहेर स्रवतं, त्याच्या आमच्या प्रतीत सिग्नलपी (स्रवण्याचा संकेत-क्रम शोधणारा प्रोग्रॅम) 'सिग्नल नाही' म्हणतं. असं का?
– संशोधक विद्यार्थी, कसबा बावडा

बहुतेक वेळा जनुकाची सुरुवात चुकलेली असते. जिवाणूंत जनुक एटीजी या तीन अक्षरांप्रमाणेच जीटीजी किंवा टीटीजीनेही सुरू होतं. जनुक शोधणाऱ्या प्रोग्रॅमने आतला एटीजी धरला, तर सुरुवातीची २०-३० अमिनो आम्लं कापली जातात आणि सिग्नल नेमका तिथेच असतो. नोंदलेल्या सुरुवातीच्या वरचा डीएनए घ्या, त्याच वाचन-चौकटीत आणखी एखादी सुरुवात आहे का आणि तिच्या ५-१० अक्षरं आधी एजीजीएजीजीसारखा क्रम (रायबोसोम बसण्याची खूण) आहे का ते बघा. डीएनएचं प्रथिनात भाषांतर करताना तक्ता ११ (जिवाणूंचा जनुकीय संकेत) निवडा. दोन्ही प्रजातींची प्रथिनं एकाखाली एक मांडली, तरी सुरुवातीचा तुटलेला भाग लगेच डोळ्यांत भरतो.

पुरानंतर आमच्याकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते. लिपएल३२ हे त्या जिवाणूत सर्वांत विपुल असलेलं बाह्यपटलाचं प्रथिन. लशीसाठी संगणकावर तेच निवडायला काय हरकत?
– जीवशास्त्राचे शिक्षक, शिरोळ

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या तालुक्यातून हा प्रश्न यावा हे स्वाभाविक आहे. लिपएल३२ रोगकारक लेप्टोस्पायरांतच आढळतं आणि रुग्णाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून निदानासाठी ते उपयोगी आहे. पण २००९ मध्ये ते जनुक बंद पाडलेला जिवाणू प्राण्यांना टोचला, तेव्हा रोग तसाच झाला. पुढे हेही दिसलं की हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर नसून पटलाच्या आतल्या बाजूला असतं. उलट लोआ२२ हे जनुक बंद पाडल्यावर जिवाणूची मारकशक्ती गेली, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. विपुलता, पृष्ठभाग आणि रोगातला वाटा हे तीन रकाने यादीत वेगवेगळे ठेवा.

लेप्टोस्पायराला दोन गुणसूत्रं असतात, एक सुमारे ४३ लाख अक्षरांचं आणि दुसरं साडेतीन लाखांचं. धाकट्याचा क्रम डाउनलोड करायचा राहतो आणि जनुकं गायब झाल्यासारखी वाटतात. शिवाय स्पायरोकीटांच्या (लेप्टोस्पायरासारख्या मळसूत्री जिवाणूंच्या) लिपोप्रथिनांची सिस्टीन या अमिनो आम्लाआधीची खूण सैल असते, त्यामुळे इतर जिवाणूंसाठीचा नेहमीचा नियम त्यातली बरीच गाळतो.

संगणकाची यादी किती गळते याचाही अंदाज घ्या. मेनिंगोकॉकस बी या मेंदूज्वराच्या जिवाणूच्या जनुकसंचातून निवडलेली ३५० प्रथिनं प्रयोगशाळेत तयार केली गेली, आणि जिवाणू मारणारी प्रतिपिंडं त्यातल्या २८ नी निर्माण केली.

म्हशींच्या कासदाहासाठी (दगडी) स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या सॉर्टेज-ए या विकरावर हळदीतलं कर्क्युमिन डॉक केलं (रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहिलं). व्हिना या डॉकिंग प्रोग्रॅमने उणे ८.२ (किलोकॅलरी प्रति मोल) दिलं. पुढे काय?
– बी.एस्सी. अंतिम वर्षाचा विद्यार्थी, कागल

आधी पेटी, म्हणजे व्हिना जिथे रेणू बसवून बघतं ती चौकट, तपासा. सॉर्टेज-ए २०६ अमिनो आम्लांचं आहे, पण त्याच्या प्रयोगातल्या बऱ्याच रचना साधारण ६० व्या अमिनो आम्लापासून सुरू होतात. तुमच्या फाइलमधला क्रमांक आणि मूळ क्रमांक एकच आहेत ना, याची खात्री करा. पेटीच्या मध्यभागी हिस्टिडिन १२०, सिस्टीन १८४ आणि आर्जिनिन १९७ यायला हवीत. बाजू २०-२४ अँगस्ट्रॉम पुरते. घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं तर व्हिना इशारा देतं, आणि तो दुर्लक्षून मिळालेली जागा भरवशाची नसते. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) ८ वरून ३२ करा आणि तीन वेगवेगळ्या बीजांकांनी (रँडम सीड) पुन्हा चालवा. रेणू दर वेळी वेगळ्या जागी बसला, तर उत्तर मिळालेलंच नाही.

मग तुलना करा. कर्क्युमिनएवढ्याच वजनाचे, सॉर्टेजशी संबंध नसलेले २०-३० रेणू त्याच पेटीत डॉक करा. त्यातल्या अर्ध्यांना उणे ८ मिळाले, तर तुमच्या ८.२ ला अर्थ उरत नाही. व्हिनाच्या मूळ चाचणीतच सरासरी चूक २.८५ किलोकॅलरीच्या आसपास होती, म्हणून उणे ७.६ आणि उणे ८.२ यांत भेद करूच नका.

कर्क्युमिनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सांगलीचा हळदबाजार शेजारी असल्यामुळे हा रेणू आपल्याकडच्या प्रकल्पांत फार येतो. पण तो पाण्यात टिकत नाही, अनेक चाचण्यांत खोटे होकार देतो आणि सिस्टीनशी रासायनिक बंध जोडू शकतो. सॉर्टेजचं काम सिस्टीनवरच चालतं, आणि नेहमीचं व्हिना डॉकिंग तो बंध मोजत नाही. या जोडीसाठी तुमचं साधन मुळातच अपुरं आहे.

प्रयोगशाळेत गेलात तरी आगारवर चकती ठेवून वाढ थांबलेलं वर्तुळ शोधू नका. सॉर्टेज बंद पडल्याने जिवाणू सहसा मरत नाही, त्याची चिकटायची प्रथिनं भिंतीला जोडली जात नाहीत एवढंच. एल-पी-एक्स-टी-जी क्रमाचं पेप्टाइड किती कापलं जातं, किंवा फायब्रिनोजेनला जिवाणू किती चिकटतात, ते मोजा. आणि या आकड्यावरून म्हशीच्या कासेवर काहीही लावू नका, तिथे पशुवैद्यकच हवेत.

५०० रोगकारक आणि ५०० साध्या प्रथिनांवर मॉडेल शिकवलं. अचूकता ९८ टक्के आली. विश्वास ठेवावा का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शाहूपुरी

आधी संच मोडून बघा. एकाच विषाच्या दहा जवळच्या प्रती शिकवणीत आणि चाचणीत विभागल्या गेल्या असतील, तर मॉडेलने पाठांतर केलंय. सीडी-हिट या सारखे क्रम एकत्र करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ओळख ०.४ (४० टक्के साम्य) आणि शब्दलांबी २ ठेवून गट पाडा (मूळची ५ इथे चालत नाही) आणि अख्खा गट एकाच बाजूला टाका. साधी प्रथिनं कुठून घेतली तेही बघा. सगळी पेशीच्या आतली विकरं असतील, तर मॉडेल फक्त स्रवणारी आणि न स्रवणारी एवढंच ओळखायला शिकलंय. बॅसिलस सबटिलिससारख्या निरुपद्रवी जिवाणूची स्रवणारी प्रथिनं त्याला द्या. त्यातली किती तो रोगकारक म्हणतो, ती संख्या अहवालात ९८ च्या शेजारी छापा.