‘आमच्यात हा आजार नसतो’ म्हणणाऱ्यांसाठी

धुळ्याकडे समुपदेशन करताना एक वाक्य मी सतत ऐकते : “ताई, आमनामा हाई बिमारी नई शे.” बोलणारा बदलतो, जात बदलते, गल्ली नाहीतर पाडा बदलतो. एचआयव्ही मात्र प्रत्येकाच्या मते पलीकडच्या वस्तीत असतो.

मध्यंतरी पंचविशीतला एक ट्रक ड्रायव्हर आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नशेचं इंजेक्शन घ्यायच्या जागी गळू झालेलं, डॉक्टरांनी तपासणीला पाठवलेला. नशा तो लपवत नव्हता, पण तपासणी नको होती.

“सुई कोणाकोणात फिरते?”

“आम्ही चौघंच. सगळे भाऊबंद. बाहेरच्याची सुई मी हातात घेत नाही.”

उपदेशानं माणूस बदलतो यावर माझा विश्वास नाही. त्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यावं, या मताची मी. म्हणून पुढच्या भेटींतही नुसतं विचारत राहिले. एकदा कागदावर चार गोल काढले, पेन त्याच्या हातात दिलं. कोण आणखी कोणाबरोबर घेतो, तेवढ्या रेघा ओढ म्हटलं. स्वतःच्या गोलाला त्यानं एकही ओढली नाही. मामेभावाच्या गोलापाशी थबकला. “हा सुरतला कामाला. तिथं खोलीवर पोरं असतात...” पेन टेकलेलंच राहिलं, शाईचा ठिपका पसरला. मग पाच रेघा ओढून म्हणाला, “म्हणजे त्या सगळ्यांचीच सुई मी घेतली ना, ताई?”

मी वर्षभर बोलले असते तरी हे त्याला इतकं पटलं नसतं.

अमेरिकेत सुईनं नशा करणाऱ्या कृष्णवर्णीयांत एचआयव्हीचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळलंय. पण ते एकमेकांच्या सुया जास्त वापरतात, असं अभ्यासांत दिसत नाही. आसपासच्या माणसांत विषाणू आधीच किती पसरलाय आणि उपचार किती लवकर मिळतात, यावर बरंच ठरतं. मणिपुरात १९९० च्या सुमारास लागण झपाट्यानं वाढली, तीही परिस्थितीमुळेच. म्यानमारची सीमा लागून, हेरॉइन सहज मिळे आणि एकच सुई अनेकांत फिरे. कुठल्या जमातीच्या रक्ताचा त्यात दोष नव्हता.

नशा आज सुटत नसेल, तर निदान सुई आणि सिरिंज दर वेळी नवी, फक्त स्वतःची घ्या. पाणी, कापूस, चमचाही वाटून घेऊ नका. हेपटायटिस सी त्यातूनही पसरू शकतो. सुई सोडायला मदत म्हणून जिभेखाली ठेवायची औषधाची गोळी सरकारी ओएसटी केंद्रात मोफत मिळते. नुकतीच दुसऱ्याची सुई वापरली असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, लागण टाळायची औषधं तेवढ्या वेळातच सुरू करता येतात. आणि पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

त्याचा रिपोर्ट काय आला, ते इथं लिहिणार नाही. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यानं ती गोष्ट त्याची आहे, आणि तुमच्या रिपोर्टलाही तेच संरक्षण आहे. मामेभावाला फोन मात्र त्यानं माझ्यासमोरच लावला. सुरतेतही आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणीच्या सरकारी केंद्रात, तपासणी फुकट होते, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.