हसते, पार्टीला जाते, मग डिप्रेशन कसलं?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात होस्टेलला राहून आर्किटेक्चर करते, दुसरं वर्ष. दिवाळीत घरी आली तेव्हा दुपारी दोनपर्यंत झोपून असायची, काही विचारलं की खेकसायची. निघताना म्हणाली, "आई, 'प्रोझॅक नेशन' बघ, मग बोलू." तो इंग्रजी चित्रपट बघितला. खरं सांगते, त्यातल्या मुलीचा रागच आला. हार्वर्डला प्रवेश मिळालाय, आई बिचारी मरमर राबतेय आणि ही पार्ट्या करते, सगळ्यांशी भांडते. आमची कन्यासुद्धा मैत्रिणींबरोबरच्या फोटोंत खिदळत असते. मग डिप्रेशन कसलं? होस्टेलला गेल्यापासूनच हे सुरू झालंय. तिला घरी आणू का? आणि त्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात, ते खरं का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, चित्रपटातल्या त्या लिझीचा राग मलाही आला होता, आणि माझा तर हा रोजचा धंदा आहे. टेक्सासचा प्रसंग आठवतो का? मित्राच्या घरी न बोलावता जाते, तो आपल्या मतिमंद बहिणीचं प्रेमाने करतोय हे बघते आणि त्यावरूनच त्याला नको नको ते बोलते. त्या क्षणी तिला उठून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं. लिझी झालेल्या क्रिस्टिना रिचीने ती मुलगी कुठेही गोड करून दाखवलेली नाही, हे मला या चित्रपटातलं सगळ्यात खरं वाटतं. आपल्या पडद्यावरची दुःखी मुलगी खिडकीशी बसून टिपं गाळते, त्यामुळे आपल्याला तिची लगेच दया येते. माझ्याकडे येणाऱ्या मुली क्वचितच अशा असतात. त्या चिडलेल्या असतात, आईशी तर जास्तच. या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीचं सोंग घेऊन येते आणि घरचे त्याला 'माज' म्हणतात.

आता खिदळण्याचं. हा चित्रपट एलिझाबेथ वुर्ट्झेल या लेखिकेच्या १९९४ सालच्या आत्मकथनावर आहे. तिच्या आजाराला डॉक्टरांनी 'अटिपिकल डिप्रेशन' म्हटलं होतं. नाव विचित्र असलं तरी प्रकार दुर्मीळ नाही. नेहमीच्या नैराश्यात झोप उडते, भूक मरते. इथे उलटं : झोप संपत नाही, खाणं वाढतं, हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड होतात. कुणी जरा डावललं तरी जिव्हारी लागतं. आणि मुख्य म्हणजे काही चांगलं घडलं की मन तेवढ्यापुरतं वर येतं. पार्टीतलं हसू खोटं नसतं. ते खोलीवर परत येईपर्यंत टिकत नाही, एवढंच. तेव्हा तो फोटो पुरावा म्हणून धरू नका. दुपारी दोनची झोप मात्र नोंदवून ठेवा. लगे हात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-बारा तपासून घ्या. आपल्या मुलींत ही तिन्ही वारंवार बिघडलेली सापडतात, आणि निम्मी मरगळ तिथेच असू शकते.

होस्टेलवर खापर फोडण्याआधी एक ऐका. चित्रपट जवळजवळ सगळा हार्वर्डमध्येच घडतो, म्हणून आपली समजूत होते की कॉलेजने तिला बिघडवलं. पुस्तक वेगळं सांगतं. वुर्ट्झेलचं हे सगळं अकरा-बारा वर्षांची असतानाच सुरू झालं होतं. आईवडील विभक्त, आणि लेकीच्या उपचारांचा खर्च कुणी द्यायचा यावरून त्यांच्यात ओढाताण. दिग्दर्शक एरिक श्योलबर्ग यांनी हे मागचं ओझं फार आवरतं घेतलं, असं माझं मत. (२००१ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट अमेरिकेतल्या थिएटरांत धडपणे लागलाच नाही, २००५ साली टीव्हीवर आला. जेसिका लँगने केलेली आई एवढ्यासाठीसुद्धा तो लागायला हवा होता.) तेव्हा दहावी-बारावीतली तुमची मुलगी आठवून बघा. मार्क चांगले होते म्हणून काही नजरेआड झालं का? तिला तडकाफडकी घरी आणू नका. वर्ष वाया गेलं हे आणखी एक दुखणं तिच्या मागे लागेल. ती स्वतः 'मला घरी यायचंय' म्हणाली, किंवा तिथे एकटी सुरक्षित नाही असं वाटलं, तर मात्र सबमिशन वगैरे बघत बसू नका, जाऊन घेऊन या.

गोळ्यांबद्दल. प्रोझॅक म्हणजे फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध. अमेरिकेत १९८७च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली, आपल्याकडेही ते कितीतरी वर्षं मिळतंय. दारूसारखी त्याची तलफ येत नाही. पण मनाने सुरू करायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायचं नाही. चित्रपटात गोळी सुरू झाली की पुढच्या काही प्रसंगांत चेहरा बदलतो. प्रत्यक्षात गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आधी मळमळ, बेचैनी, झोपेची गडबड होऊ शकते. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात कुणीतरी जवळचं रोज संपर्कात हवं. हे वाचून औषधाला घाबरू नका, फक्त तेवढे आठवडे सावध राहा. आणि सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. काहींचं नुसत्या समुपदेशनावर भागतं.

आता तुम्ही काय करायचं? तिने "मग बोलू" म्हटलंय. एवढं आमंत्रण फार थोड्या आयांना मिळतं. चित्रपट कसा वाटला ते सांगू नका. तिला विचारा, त्यातलं कुठलं तुझ्यासारखं वाटलं? ती कदाचित म्हणेल, "ती आई." ऐकून घ्या, 'आम्ही तुझ्यासाठी काय नाही केलं' सुरू करू नका. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटीला ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्र असेल, कुणी मिळत नसेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलात की ते तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील. बसा. तुमची बाजू नंतर विचारतीलच, झोप, खाणं, चिडचिड हे सगळं तेव्हा तारखेनिशी सांगा. आणि परतताना रिक्षात बसल्या बसल्या "काय काय सांगितलंस गं?" एवढं मात्र विचारू नका.