मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेस्कटॉप डेटाबेसमध्ये नवीन फीचर्स डेव्हलपरांना विचारून आणतात का? फीडबॅक देऊन काही फरक पडतो का, आणि आज ॲक्सेस शिकावं का?

फरक पडतो, पण बारीकसारीक गोष्टींत. मोठी फीचर्स कंपनीला त्या वर्षी जे विकायचं असतं त्याप्रमाणे येतात. आणि ती आली रे आली की आपल्यातलाच एखादा हौशी माणूस ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. मी हे इतकं ठासून सांगतोय कारण या एका मुद्द्यावर माझी भागीदारी मोडलेली आहे.

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या एका अडत (दलालीच्या) दुकानाचं काम आमच्याकडे होतं. शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, हमाली-तोलाई, उचल, बाकी काही नाही. एक मशीन गल्ल्यावर, एक काट्यापाशी, एक आत दिवाणजींकडे. बॅक-एंड, म्हणजे डेटाची फाइल, दिवाणजींच्या मशीनवर; फ्रंट-एंड, म्हणजे फॉर्म-रिपोर्टची फाइल, प्रत्येकाच्या. कुणाची तक्रार नव्हती.

मग ॲक्सेस 2007 आलं. नवा फॉरमॅट, नवी रिबन आणि दोन नवी खेळणी: अटॅचमेंट फील्ड, आणि एकाच फील्डमध्ये अनेक व्हॅल्यू ठेवायची सोय. ही दोन्ही मागणारा डेव्हलपर मला आजतागायत भेटलेला नाही. शेअरपॉइंट या कंपनीच्याच वेबवरच्या सॉफ्टवेअरमधल्या लिस्टशी जुळवून घ्यायचं होतं म्हणून ती आली. आणि रोज लागणारी युजर-लेव्हल सिक्युरिटी त्याच नव्या फॉरमॅटमधून काढून टाकली. दिवाणजींना भाव दुरुस्त करता यावा आणि काट्यावरच्या पोराला येऊ नये, एवढ्यासाठी मला लॉगिनचं टेबल हाताने बांधावं लागलं.

भागीदार मात्र अटॅचमेंटवर फिदा. प्रत्येक शेतकऱ्याचा फोटो, सातबारा, बँक पासबुकाचं पहिलं पान, सगळं स्कॅन करून त्याने थेट टेबलात भरायला घेतलं. नावावर क्लिक केलं की चेहरा समोर, त्यामुळे शेठही खूश. मी म्हणत होतो, फोटो फोल्डरमध्ये ठेव आणि टेबलात नुसता पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) ठेव. फोटो फॉर्मवर तसाच दिसेल, कारण फॉर्मवरच्या चित्राच्या चौकटीला (इमेज कंट्रोल) चित्र कुठल्या फील्डवरून घ्यायचं ते (कंट्रोल सोर्स) सांगायची सोयही त्याच 2007 मध्ये आलेली होती. खऱ्या कामाचं फीचर ते होतं, पण त्याचा डेमो कुणी करत नव्हतं. त्यावर त्याचं उत्तर, "तू अजून फॉक्सप्रोतच अडकलायस." शेठसमोर म्हणाला. (फॉक्सप्रो म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच जुना डेटाबेस.)

पुढे व्हायचं तेच झालं, आणि तेही डिसेंबरच्या ऐन आवकेत. लिलाव संपलेला, गाळ्यासमोर टेम्पो लागलेले, शेतकरी पट्टी घेऊन गावी परतायच्या घाईत. आणि पट्टी सेव्ह करायला गेलं की मशीन नुसतं 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' एवढंच म्हणायचं. काट्यावरच्या पोराला वाटलं वजन चुकलं, म्हणून त्याने तेच पोतं परत काट्यावर चढवलं. ज्यांनी ॲक्सेस वापरलंय ते हा मेसेज दिसला की आधी फाइलची साइज बघतात. 2 जीबी. ॲक्सेसच्या एका फाइलची मर्यादा तेवढीच. पलीकडे वाचता येतं, पण नवी ओळ घुसत नाही. दिवाणजींनी कपाटातून जुनं छापील पट्टीबुक काढलं आणि कार्बन घालून हाताने लिहायला बसले. तो माणूस तोंडी हिशेबात आमच्या तिन्ही मशीनना भारी होता म्हणून त्या दिवशी दुकानाची अब्रू राहिली.

संध्याकाळी मी फाइलची कॉपी घेतली. कोडमधून एकेक अटॅचमेंट फोल्डरमध्ये उतरवली, नाव म्हणून शेतकऱ्याचा खाते क्रमांक दिला, पाथ नव्या फील्डमध्ये टाकला, अटॅचमेंटचं फील्ड उडवलं आणि कॉम्पॅक्ट केलं. नुसतं उडवून फाइल लहान होत नाही, कॉम्पॅक्ट करावंच लागतं. सकाळच्या लिलावाला फाइल पूर्वीसारखी सडपातळ. भागीदाराचं त्यावर म्हणणं काय, तर कंपनीने मर्यादा वाढवायला हवी, आपण सगळ्यांनी फीडबॅक देऊ. ती 2 जीबीची मर्यादा आजही तिथेच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. फीडबॅकने काय हलतं याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण डीबेस या जुन्या डेटाबेसचं आहे. ॲक्सेस 2013 मधून त्याच्या डीबीएफ फाइली वाचायची सोय काढून टाकली होती. ज्यांचा जुना डेटा फॉक्सप्रो, क्लिपरच्या फाइलींत पडून होता त्यांनी आरडाओरडा केला आणि 2016 मध्ये ती सोय परत आली. तसंच 2017 मधलं लार्ज नंबर, म्हणजे फार मोठे आकडे ठेवणारा फील्डचा प्रकार. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसच्या टेबलात बिगइंट की (ओळ ओळखायचा तसाच मोठा आकडा) असली की जोडलेल्या टेबलात ओळीच्या जागी 'डिलीटेड' दिसायचं, हे दुखणं नेमकं सांगता येत होतं, म्हणून त्यावर इलाज झाला. लिंक्ड टेबल मॅनेजर सुधारला, मरू घातलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या जागी एजचा ब्राउझर कंट्रोल आला, अलीकडे एसक्यूएल (डेटाबेसकडून माहिती मागायची भाषा) लिहायला रंगीत, ओळींचे आकडे दाखवणारा एडिटर आला. यातलं काहीच जाहिरातीत शोभणारं नाही, पण काम करणाऱ्याचे तास वाचतात.

उलट बाजूही बघा. 2007 च्या मार्चमध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असं जाहीर झालं. स्पॅनिश बोलणाऱ्या डेव्हलपरांनी 'मासफॉक्सप्रो' नावाने सह्यांची मोहीम चालवली, जगभरातून सह्या आल्या. निर्णय बदलला नाही. 2015 च्या जानेवारीत सपोर्टही संपला. प्रॉडक्ट जगवायचं की मारायचं हे सह्यांवर ठरत नाही.

2013 मध्येच ॲक्सेसची वेब ॲप्स मोठ्या थाटात आली होती. तोवर आम्ही वेगळे झालो होतो, पण भागीदाराचा फोन आलाच: आता सगळं ब्राउझरमध्ये, तुझं डेस्कटॉप मेलं. 2017 मध्ये ती सेवा बंद करत असल्याची घोषणा झाली, 2018 च्या एप्रिलमध्ये ती बंद पडली. मी उलटा फोन केला नाही. (करायला हवा होता.)

डेस्कटॉप का टिकतं ते त्याला कधी पटलं नाही. 2016 च्या जुलैत भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं राज्य सरकारने ठरवलं. यार्डात भांडणं, बंद, सगळं झालं. पण पट्टीवरून अडतीची ओळ काढून ती बिलात टाकायला मला दिवाणजींशेजारी एक स्टूल आणि चहा पुरला. तिकीट टाका, पुढच्या रिलीजची वाट बघा, असली भानगड नाही.

मराठीत काम करणार असाल तर एक आधीच सांगून ठेवतो. टेबलात, फॉर्मवर, रिपोर्टवर देवनागरी उत्तम चालते. व्हीबीएच्या (ॲक्सेसचा कोड लिहायच्या भाषेच्या) एडिटरमध्ये मात्र ती टाइप केली की प्रश्नचिन्हांची रांग उमटते, कारण तो एडिटर युनिकोडच्या (सगळ्या लिप्या चालवणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या काळातला आहे. मी सगळे मराठी मेसेज एका टेबलात ठेवतो, कोड फक्त क्रमांक मागतो, आणि 'उचल पट्टीपेक्षा जास्त आहे' हे वाक्य छोट्या फॉर्मवर झळकतं. मेसेज बॉक्सच्या नादी लागू नका.

फीडबॅक द्यायचाच असेल तर एका वेळी एकच गोष्ट द्या. दोन टेबलांची छोटी फाइल जोडा, कुठे क्लिक केल्यावर काय होतं ते लिहा. 'परफॉर्मन्स सुधारा' असल्या मागण्या कुणी वाचत नाही.

शिकावं का? नोकरीसाठी शिकत असाल तर नका शिकू, सरळ एसक्यूएल शिका. स्वतःच्या दुकानासाठी, संस्थेसाठी शिकत असाल तर जरूर शिका. दोन गावांत शाखा असतील तर डेटा पहिल्या दिवसापासून एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस किंवा पोस्टग्रेस असल्या सर्व्हर-डेटाबेसवर ठेवा आणि ॲक्सेस फक्त फॉर्म-रिपोर्टला वापरा. मॅक असेल तर विषयच संपला, ॲक्सेस मॅकवर येत नाही. आणि बॅक-एंडची फाइल वाय-फायवरून उघडू नका. केबल टाकून घ्या, भागीदार काहीही म्हणो.