संपात कामावर गेलेल्या आजोबांचं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, आमची लालबागची चाळ तळमजला अधिक एक, एकूण ४२ खोल्या. आवारात ४२ फूट लांब आणि सात फूट उंच भिंत आहे. तिच्यावर सगळ्या घरांनी मिळून चाळीचा इतिहास रंगवायचा, असं ठरलं. तीन बैठका झाल्या, तिन्ही भांडणात संपल्या. कुणाला मधोमध शिवाजी महाराज हवेत, कुणाला गणपती, कुणाला गिरणीचा संप. संपाचं नाव निघालं की एक कुटुंब उठून जातं. त्यांचे आजोबा १९८२ च्या संपात सहा महिन्यांनी कामावर परत गेले होते, त्याची कुजबुज अजून चालते. काय करावं?
– चाळ कमिटीचा सेक्रेटरी, लालबाग

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, आधी बैठका बंद करा. बैठकीत माणूस भाषण करतो. आठवण सांगतो ती उंबऱ्यावर बसून, लसूण सोलता सोलता.

भिंतीचं माप बघून मला तर हसूच आलं, इतकं ते सोयीचं आहे. ४२ फूट भिंत, खाली २१ खोल्या, वर २१. म्हणजे मधे जिन्यापुरती जागा सोडली तरी प्रत्येक घराला पावणेदोन फूट रुंदी. उंचीतला खालचा एक फूट सोडून द्या. तिथे पावसाचा चिखल उडणार, पानाच्या पिचकाऱ्या पडणार, कुत्री यायची ती येणारच. उरले सहा, म्हणजे मजल्याला तीन फूट. चाळच काढा! दोन गॅलऱ्या, बेचाळीस उघडी दारं, आणि दारातून आत जे दिसतं ते त्या त्या घराने रंगवायचं. महाराज ज्यांना हवेत त्यांनी आपल्या भिंतीवरच्या तसबिरीत काढावेत; तसे ते आपल्या सगळ्यांच्याच खोल्यांत होते. मधोमध कोण, हा प्रश्नच उरत नाही, कारण मधोमध जिना येतो.

फक्त बेचाळीस वेगवेगळी चित्रं होऊ देऊ नका, नाहीतर शाळेतल्या स्पर्धेचा बोर्ड दिसेल. सुतळीला गेरू लावून, ताणून फटका मारा आणि कठड्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच हाताने ओढून घ्या. कपडे वाळत घातलेली दोरीही सलग जाऊ द्या. रंगांचे डबे सहाच आणा. सातवा मागणाऱ्याने मिसळून करावा.

आता मुलांबद्दल. इंटरनेटवरून ती हटकून हातमाग उतरवून आणतील. आपल्या गिरण्यांत यंत्रमाग होते आणि आपले लोक त्याला ‘साचा’ म्हणायचे. तुमच्याकडे कुणी जुने साचेवाले असतील तर पोरांना त्यांच्यासमोर बसवा. आडवा धागा नेणारा धोटा कसा पळायचा ते आजोबा हाताने दाखवतील, आणि ती हाताची हालचालच चित्रात हवी. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा, हेही त्यांच्याचकडून ऐकायला मिळेल. एका खोलीत पंधरा-पंधरा माणसांची नावं होती. ट्रंका एकावर एक रचून काढा, म्हणजे समजेल.

माझी एक चूक सांगते. १९९८ साली एका मंडळासाठी मी अशीच भिंत रंगवली. भोंगा, धुराडं, गेटकडे निघालेली रांग. आईला दाखवायला नेलं. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सगळे डबे घेऊन निघालेत. भरले कुणी?” परळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती अकरा जणांची खाणावळ चालवायची, सगळे कणकवली-सावंतवाडीकडचे. त्यांच्या जेवणावर आमची शिक्षणं झाली, आणि मी काढलं काय, तर धुराडं! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तुमच्या चाळीत अशी एखादी म्हातारी नक्की असेल. तिचा टोप काढा, त्याचा बसका बूड आणि काळा रंग पकडून.

संप मात्र भिंतीवर हवाच. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा रीतसर अशी कधी झालीच नाही. लालबागच्या भिंतीवर हे नसेल तर बघणाऱ्याला ती भिंत कुठल्याही गावातली वाटेल. पण पुढाऱ्यांचे चेहरे काढू नका. चेहरा चुकला तरी भांडण, जमला तरी भांडण. गॅलरीतून संप कसा दिसला ते काढा : भरदुपारी घरात बसलेले बाप्ये, खिळ्याला लटकलेला रिकामा डबा, सुपात लाटून ठेवलेले पापड, बिऱ्हाड गावाला गेलं म्हणून दाराला लागलेलं कुलूप. दोन-चार दारांवर कुलूप आलं की तारीख लिहायचीही गरज नाही.

त्या कुटुंबाकडे तुम्ही स्वतः जा, एकटे. आजोबा परत का गेले, हे विचारू नका. त्या सहा महिन्यांत घरात काय काय होतं, कोण आजारी होतं, कुणाची फी थकली होती, एवढंच विचारा. मग त्यांच्या दारात काय काढायचं ते त्यांचं ते ठरवतील. त्यांनी दार बंद काढलं, तर बंद राहू द्या. दुसऱ्याच्या दारावर कुणी बोलायचं नाही, हा नियम काम सुरू होण्याआधी लिहून जिन्यापाशी लावा. कुजबुज करणारे हेच वाचत चढतील-उतरतील.

आमच्या खाणावळीतलेही दोघे परत गेले होते. आई त्यांना वाढायची, संपावरच्यांनाही वाढायची, तेही उधारीवर. पण पंगत वेगवेगळी बसायला लागली. हे मी आजवर कुठल्याच भिंतीवर काढलेलं नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मुलांनी मे महिन्यात कुंपणाची भिंत रंगवली. सप्टेंबरात पोपडे निघाले, पांढरी पूड येते. रंग स्वस्तातला होता म्हणून का?
– एक आई, ठाणे

उत्तर : रंगाला उगाच शिव्या देऊ नका. ती पांढरी पूड म्हणजे लोणा. भिंतीत ओल आहे आणि पाणी बाहेर येताना क्षार सोबत घेऊन येतंय. पलीकडच्या बाजूला मातीचा भराव किंवा गळका नळ आहे का ते आधी बघा. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. आतून दमट झाला, तर ब्रश हातात घ्यायचा नाही. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत मुरतात. नवा गिलावा असेल तर चार आठवडे थांबा, बाहेरच्या कामाला पीओपी वापरू नका, ऑइलपेंट तर मुळीच नको, त्याच्या थराखाली ओल कोंडून राहते. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक इमल्शन. भिंतीच्या माथ्यावर उतरती कड बांधून घ्या, म्हणजे पागोळी चित्रावरून ओघळणार नाही. आणि मेमध्ये नको. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच सुकतो. दिवाळी झाली की सुरू करा.

प्रश्न : तीन वर्षांत आमची इमारत पुनर्विकासाला जाणार. तरी भिंत रंगवावी का? आणि मदत करणारा चित्रकार म्हणतो, त्याला न विचारता ती पाडता येणार नाही. खरं आहे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : तो हवेत बोलत नाहीये. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा, म्हणजे आपल्या कलाकृतीची मोडतोड रोखण्याच्या कलाकाराच्या हक्काचा, आधार घेऊन शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. म्हणून आत्ताच साध्या कागदावर लिहून घ्या : इमारत पाडायची तेव्हा चित्राचं काय करायचं, कळवायचं कुणाला. सह्या सगळ्यांच्या.

रंगवा जरूर, पण भिंतीवर थेट नको. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९८४ पासून चालत आलेला भित्तिचित्रांचा उपक्रम आहे. तिथे पातळ कापडावर तुकड्यातुकड्यांनी रंगवून घेतात आणि मग ते भिंतीला चिकटवतात. त्यामुळे जिना न उतरू शकणारी आजीही घरी बसून रंगवू शकते. तुम्हाला उतरवून न्यायचं आहे, तेव्हा तुम्ही कापडाऐवजी सिमेंटचे बोर्ड घ्या आणि स्क्रूने बसवा. प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर खोली नंबर लिहून ठेवा, ऑइलपेंटने. इथे ऑइलपेंट चालेल.