टपालाचा शिक्का नसलेली पत्रे

व्हायरल मजकुराविषयी पुण्यातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : दर दिवाळीला आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर उपग्रहातून टिपलेला लखलखता भारत येतो. नातू म्हणतो, तो खोटा आहे. चित्र तर खरे दिसते. मग खोटे नेमके काय? (कोथरूड)

उत्तर : चित्र खरे आहे, खोटी आहे ती त्याखालची ‘दिवाळीच्या रात्रीचा भारत’ ही ओळ. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व सागरविषयक संस्थेच्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून ते तयार केले. त्यातील पांढरा रंग १९९२ पूर्वीपासून दिसणाऱ्या दिव्यांचा आहे, तर निळा, हिरवा आणि लाल हे रंग अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेल्या दिव्यांचे आहेत. ज्याला आपण रोषणाई समजतो तो वस्तुतः लोकवस्तीच्या वाढीचा नकाशा आहे. हा घोळ इतका पसरला की नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री टिपलेले भारताचे चित्र प्रसिद्ध केले आणि दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून जाणवण्याइतका नसतो, असा खुलासाही केला. ते चित्र करड्या रंगाचे आहे आणि ते फारसे कोणी पुढे पाठवत नाही.

आपल्या पिढीला साखळीपत्रे आठवत असतील. ‘हे पत्र मिळताच अकरा जणांना लिहा’ अशी पोस्टकार्डे घरोघर येत. मजकूर कितीही भाकड असला, तरी कार्डावर टपालाचा शिक्का असे आणि ते कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला निघाले हे कळे. आजच्या ढकलपत्रावर, म्हणजे फॉरवर्डवर, तो शिक्का नसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोसोबत तो कधी आणि कुठे काढला ही नोंद पोहोचत नाही आणि मूळ प्रेषकाचे नावही दिसत नाही. म्हणून वीस वर्षांपूर्वीचे चित्र ‘आजचे’ म्हणून दरवर्षी परत येऊ शकते. व्हायरल मजकूर समजून घ्यायचा म्हणजे हा पुसलेला शिक्का शोधायचा, अशी माझी धारणा आहे आणि पुढील सर्व उत्तरे त्याच धारणेतून लिहिली आहेत.

प्रश्न : २०२४ च्या जुलैमध्ये आमच्या सोसायटीत पाणी शिरले. आता पावसाळ्यात धरणाचा कोणताही व्हिडिओ आला की आई रात्रभर जागते. पाच मिनिटांत खरे-खोटे कसे ओळखावे? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आपल्या आईंच्या भीतीला आधार आहे, हे आधी सांगतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलेले या शहराने पाहिले आहे आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर (सेकंदाला घनफूट) गेल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीची काय अवस्था झाली, हे आपण स्वतः अनुभवले आहे. अशा घरात ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढे सांगून भागत नाही.

विसर्गाच्या खऱ्या सूचनेत तीन गोष्टी असतात : धरणाचे नाव, किती वाजल्यापासून आणि किती क्युसेक. हा आकडा दिवसातून अनेकदा बदलतो, त्यामुळे सकाळची खरी सूचनासुद्धा संध्याकाळी चुकीची ठरते. ज्या संदेशात केवळ ‘आज रात्री पाणी सोडणार’ असे आहे, त्यातला ‘आज’ कोणत्या दिवसाचा, हा पहिला प्रश्न विचारावा. तारीख नसेल, तर पाटबंधारे विभागाची किंवा महापालिकेची ताजी सूचना पाहावी आणि निर्णय तिच्यावरच घ्यावा.

व्हिडिओच्या बाबतीत एखादे स्थिर दृश्य स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणारी सुविधा) टाकले, तर तेच दृश्य पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले होते हे बरेचदा सापडते. याखेरीज आपल्याला शहराची ओळख आहे, आणि ती फार उपयोगी पडते. मुठा नदीवरील भिडे पूल पाण्याखाली गेलेला दिसला, तर तो प्रसंग जवळपास दर पावसाळ्यात घडतो, म्हणून त्यावरून वर्ष ठरत नाही. नदीपात्रातील बांधकामे आणि मेट्रोचे खांब कोणत्या टप्प्यात आहेत ते पाहावे. गल्लीतून मोटारी वाहून जाताना दिसल्या, तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवावी. त्या रात्रीचे पाणी कात्रजकडील मुसळधार पावसाने आंबिल ओढ्याला आलेले होते, खडकवासल्याचे नव्हते. तरीही तसे व्हिडिओ ‘धरण सोडले’ म्हणून फिरवता येतात. ओढ्याचा पूर आणि नदीचा पूर यांतला फरक जाणणारा माणूस असा व्हिडिओ पाहताक्षणी सावध होतो.

प्रश्न : नववीतली मुलगी एकेका मीमवर पोट धरून हसते. मला त्यात हसण्यासारखे काहीच दिसत नाही. हे नक्की काय आहे? (बाणेर)

उत्तर : ‘मीम’ हा शब्द जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये, एका माणसाकडून दुसऱ्याकडे नकलेने जाणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी घडवला, इंटरनेटने तो पुढे आपलासा केला. मीमचा अर्थ चित्रात थोडा आणि पाहणाऱ्याच्या आठवणीत अधिक असतो. ‘ध चा मा’ एवढे म्हटले की पुणेकराला शनिवारवाडा, नारायणराव आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची आख्यायिका एकदम आठवते, पण ती न ऐकलेल्याला ती केवळ अक्षरे आहेत. मुलीला ‘यात काय हसायचे?’ असे विचारू नका. ‘याच्या आधीचे मीम कोणते?’ असे विचारा. ती आनंदाने समजावून सांगेल.

प्रश्न : पु. ल. आणि व. पु. यांच्या नावाने आलेले सुविचार खरे मानावेत का? (सदाशिव पेठ)

उत्तर : पुस्तकाचे नाव दिलेले नसेल, तर मानू नयेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये आणि व. पु. काळे २००१ मध्ये गेले, व्हॉट्सॲप २००९ चे आहे. तरी त्यांच्या तोंडी मोबाइलच्या काळातले उपदेश घातले जातात. ज्या लेखकांनी एकेक वाक्य कसून लिहिले, त्यांच्या नावावर कोणाचेही सपक वाक्य खपवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : ‘खरे-खोटे माहीत नाही, जसे आले तसे पाठवत आहे’ असे लिहून मी फॉरवर्ड करते. मग माझी जबाबदारी राहते का? आणि काकांनी चुकीचे काही पाठवले, तर त्यांना कसे सांगावे? (हडपसर)

उत्तर : जबाबदारी राहते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे मंगळवेढा भागातील होती. त्या काळात देशभर मुले पळवण्याचे संदेश फिरत होते आणि त्यांत मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ होता. तो मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या प्रबोधनासाठी केलेला होता. शेवटी मूल परत आणून सोडतात, तो भाग कोणीतरी कापून टाकला होता. असे संदेश ज्या असंख्य हातांतून गेले, त्यांतल्या अनेकांनी काळजीपोटीच ते पाठवले असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. आज संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो मूळ प्रेषकापासून निदान पाच हातांतून पुढे आला आहे असे समजावे.

काकांना ग्रुपवर खोडून काढू नका. चारचौघांत चूक दाखवली की माणूस तिलाच धरून बसतो. त्यांना फोन करा आणि ‘काका, हा व्हिडिओ तुम्हाला कोणी पाठवला?’ एवढेच विचारा. ते त्या माणसाला विचारतील, तो आणखी कोणाला विचारील, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या नावापाशी धागा तुटेल. मग तो संदेश काढून टाकण्याचे काका स्वतःच ठरवतील. संदेशात एखाद्या गावाचे किंवा समाजाचे नाव घेऊन संशय पसरवला असेल, तर मात्र फोनची वाट न पाहता ग्रुप अॅडमिनला तो त्याच क्षणी हटवायला सांगा.