मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढताना: तुकड्यांत की अख्खी, करंटने की लेझरने?

तुम्ही लिहिलंय की वडील ६६ वर्षांचे आहेत, लघवीतून न दुखता रक्त गेलं, सोनोग्राफीत मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर २.५ सेमीची एकच गाठ दिसली. एक सर्जन नेहमीची टीयूआरबीटी (लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ तुकड्यांत कापून काढणं) करू म्हणतात, दुसरे लेझरने अख्खी गाठ काढू म्हणतात आणि त्याचा खर्च जास्त आहे. कोणतं निवडायचं?

उत्तर आधी सांगतो. एकच, ३ सेमीच्या आतली आणि बाजूच्या भिंतीवरची गाठ अख्खी काढता येत असेल तर मी तीच पद्धत निवडायला सांगेन. पण लेझर की करंट हा प्रश्न त्यानंतरचा आहे. लेझर असलं म्हणजे गाठ अख्खी निघते असं नाही, आणि अख्खी काढायला लेझरच लागतं असंही नाही. ती साध्या करंटच्या सुईनेही निघते. हे दोन मुद्दे सल्ला देताना सर्रास एकत्र केले जातात आणि घरच्यांचा गोंधळ उडतो.

या ऑपरेशनची दोन कामं असतात: गाठ पूर्ण काढणं, आणि ती किती खोल गेली आहे हे पॅथॉलॉजिस्टला नीट दाखवणं. मूत्राशयाच्या भिंतीला आत पातळ अस्तर असतं, त्याखाली लॅमिना प्रोप्रिया नावाचा सैलसर थर, मग डिट्रूसर स्नायू आणि बाहेर चरबी. गाठ कर्करोगाची निघाली तर ती किती खोल गेली यावर टप्पा ठरतो: अस्तरातच असेल तर टीए, लॅमिना प्रोप्रियात शिरली तर टी१, स्नायूत गेली तर टी२. टीए आणि टी१ मध्ये मूत्राशय वाचवून उपचार होतात. टी२ असेल तर बहुधा आधी केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढण्याचं मोठं ऑपरेशन, किंवा निवडक रुग्णांत रेडिएशनसह केमो, असा विषय निघतो. म्हणजे पुढचा सगळा रस्ता तपासणीला पाठवलेल्या बाटलीत स्नायूचा तुकडा आला की नाही यावर ठरतो.

नेहमीच्या पद्धतीत २४ ते २६ फ्रेंच (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी) जाडीचं रिसेक्टोस्कोप, म्हणजे कापायची सोय असलेली दुर्बीण, लघवीच्या वाटेने आत जातं. त्याच्या टोकाशी तारेचा अर्धगोल लूप असतो. त्यात करंट सोडून गाठ वरून खाली, पापुद्रे काढावेत तशी कापत आणतात. नीट करणारा सर्जन आधी वरचा फुलकोबीसारखा भाग काढतो, मग बुडाचा स्नायूसकट तुकडा आणि कडा वेगळ्या घेतो आणि प्रत्येक भाग वेगळ्या बाटलीत पाठवतो. अशी केलेली टीयूआरबीटी चांगलीच असते, तिला कमी लेखू नका. पण पद्धतीतच तीन अडचणी आहेत. गाठीचे तुकडे मूत्राशयात भरलेल्या पाण्यात तरंगतात आणि सुट्या पेशी कापलेल्या जागी पुन्हा चिकटू शकतात. लूपच्या उष्णतेने तुकड्यांच्या कडा करपतात. आणि तुकडे कसेही पडल्यामुळे वर कोणती बाजू, खाली कोणती, हे स्लाइडवर ओळखणं अवघड जातं. टी१ आहे की टी२ हा निर्णय तिथेच अडतो.

अख्खी काढण्याची पद्धत उलट दिशेने चालते. गाठीला हातच लावायचा नाही. तिच्याभोवती ५ ते १० मिमी निरोगी दिसणारं अस्तर सोडून आधी करंटच्या किंवा लेझरच्या टोकाने ठिपक्यांचं वर्तुळ आखायचं. मग त्या रेषेवर कापत स्नायूपर्यंत उतरायचं. स्नायूचे पांढुरके, एकमेकांत विणलेले तंतू दिसू लागले की योग्य थर सापडला. तिथून थोडं कापत, थोडं दुर्बिणीच्या टोकाने ढकलत गाठ खालून सोडवायची. पिवळी चकाकी दिसली तर ती चरबी असते, म्हणजे जास्त खोल गेलो, तिथेच थांबायचं. सुटलेली गाठ एलिक इव्हॅक्युएटरने (चोखून बाहेर ओढणाऱ्या फुग्याने) किंवा चिमट्याने बाहेर घेऊन थर्मोकोलच्या किंवा कॉर्कच्या तुकड्यावर टाचण्यांनी पसरवायची आणि मग फॉर्मॅलिनमध्ये टाकायची. टाचली नाही तर ती गोळा होते आणि अख्खी काढण्याचा निम्मा फायदा वाया जातो. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

हाँगकाँगमध्ये ३ सेमीपर्यंतच्या गाठींवर दोन्ही पद्धतींची यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून) झाली, निकाल २०२४ मध्ये आले. वर्षभरात गाठ परत येण्याचं प्रमाण अख्खी काढलेल्यांत सुमारे २९ टक्के आणि तुकड्यांत काढलेल्यांत सुमारे ३८ टक्के होतं. आजार खोल सरकण्यात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे फायदा खरा आहे, पण कोणी ‘लेझरने केलं की पुन्हा येत नाही’ म्हणालं तर ते मानू नका.

आता बाजूच्या भिंतीचा मुद्दा, जो वडिलांना थेट लागू आहे. त्या भिंतीच्या लगेच पलीकडून ऑब्ट्युरेटर नस जाते, ती मांडी आत ओढणारे स्नायू चालवते. तिथे करंट लागला की नस चेतते आणि पाय एकदम झटक्याने आत येतो. सर्जनचा हात स्थिर असतो, पण भिंतच लूपवर येऊन आदळते आणि भोक पडतं. कमरेतली भूल याला अडवत नाही, कारण भूल मणक्यापाशी असते आणि नस तिच्या पुढच्या टप्प्यात थेट चेतते. उपाय तीन: संपूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करणारं औषध, किंवा कमरेतल्या भुलीसोबत त्या नसेचा वेगळा ब्लॉक (तीच नस बधिर करणारं इंजेक्शन), किंवा लेझर. होल्मियम आणि थुलियम लेझरमधून शरीरात वीज जात नाही, त्यामुळे हा झटका येत नाही. बाजूच्या भिंतीसाठी लेझरचा खरा फायदा हाच. पेसमेकर असलेल्यांनाही त्याचा उपयोग होतो. बायपोलर करंटने (यात वीज यंत्राच्या टोकापाशीच फिरते, जुन्या मोनोपोलरमध्ये ती शरीरातून जाते) झटका पूर्ण टळतो असं समजू नका, तो त्यातही येतो.

बायपोलरचा फायदा दुसराच आहे. जुन्या मोनोपोलर यंत्राला वीज न वाहणारं पाणी लागतं, बहुधा १.५ टक्के ग्लायसीन. भिंतीला भोक पडून ते भरपूर शोषलं गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. रुग्ण अस्वस्थ होतो, बरळतो, नाडी मंदावते. बायपोलर आणि लेझर दोन्ही साध्या सलाईनमध्ये चालतात, त्यामुळे तो धोका राहत नाही.

अख्खी काढणं कुठे जमत नाही तेही सांगतो. ३ सेमीच्या वर गाठ सुटते, पण बाहेर येत नाही, मग वरचा भाग कापावाच लागतो. अनेक गाठी विखुरलेल्या असतील तर वेळ आणि जखम दोन्ही वाढतात. मूत्राशयाच्या छताकडे आणि पुढच्या भिंतीवर सुईचा कोन बसत नाही. तिथे ओटीपोटावर बाहेरून हाताने दाबून भिंत खाली आणतात आणि लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, अर्धीच भरतात, कारण पूर्ण ताणली की भिंत पातळ होते. छताशी जमलेला वायूचा बुडबुडाही आधी काढून टाकावा लागतो, त्यात पेट घेणारे वायू असतात आणि ठिणगीने स्फोट होऊ शकतो. गाठ डायव्हर्टिक्युलममध्ये, म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेल्या खिशात असेल तर तिथे स्नायूच नसतो, खोल जाणं म्हणजे भोक. मूत्रवाहिनीच्या तोंडावर असेल तर फक्त कापणारा करंट वापरायचा, जाळायचं नाही, नाहीतर तोंड आकसतं आणि मूत्रपिंड फुगतं.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. पहिल्यांदाच सापडलेली गाठ लेझरने ‘जाळून टाकू’ असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. वाफ झालेल्या गाठीची बायोप्सी होत नाही.

भूल दिल्यावर ऑपरेशनआधी आणि नंतर सर्जनने दोन हातांनी पोटाची तपासणी करायला हवी. नंतरही कडक गोळा हाताला लागला तर आजार खोल असण्याची शंका येते. शेवटी २० ते २२ फ्रेंचचं तीन नळ्यांचं कॅथेटर राहतं आणि सलाईनने पिशवी धुत राहतात. लघवी गुलाबी असेल तर घाबरू नका. गडद लाल झाली, गुठळ्या आल्या किंवा नळी थांबून ओटीपोट ताठ झालं तर लगेच नर्सला बोलवा.

गाठ कमी धोक्याची वाटत असेल तर २४ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांत, पिशवीत केमोचा एक डोस देतात: मायटोमायसिन ४० मिग्रॅ किंवा जेमसिटाबिन २ ग्रॅम. भोक पडल्याची शंका असेल किंवा जास्त रक्त जात असेल तर हा डोस द्यायचा नाही, औषध पोटात झिरपलं तर भयंकर त्रास होतो. बाहेरच्या चरबीपर्यंतचं छोटं भोक बहुतेकदा आठवडा-दहा दिवस कॅथेटर ठेवून भरतं. पोटाच्या पोकळीत उघडलं तर मात्र टाके घालावे लागू शकतात.

दोन्ही सर्जनांना हे विचारा: गाठ अख्खी निघेल असं सीटी पाहून वाटतं का? पाय झटकू नये म्हणून काय करणार? बुडाचा नमुना वेगळ्या बाटलीत जाणार का? केमोचा डोस तयार ठेवणार का? ज्यांची उत्तरं नेमकी आणि सवयीची वाटतील त्यांच्याकडे जा, यंत्र कोणतंही असो. अख्खी गाठ काढण्याचा सराव नसलेल्या हातात लेझर देण्यापेक्षा सरावलेल्या हाताची साधी टीयूआरबीटी मी पसंत करेन.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये तीन ओळी शोधा: ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) लो की हाय, लॅमिना प्रोप्रियात शिरकाव आहे का, आणि डिट्रूसर स्नायू नमुन्यात आहे का. टी१ आला, गाठ अपुरी निघाली, किंवा स्नायू आलाच नाही (लो ग्रेड टीए सोडून), तर २ ते ६ आठवड्यांत त्याच जागी दुसरी टीयूआरबीटी करतात. ती पहिल्या सर्जनची चूक म्हणून नसते, तिथे उरलेला आजार सापडण्याचं प्रमाण बरंच आहे. त्यानंतर हाय ग्रेडसाठी पिशवीत बीसीजी (क्षयाच्या लशीतलेच कमजोर केलेले जंतू), आठवड्याला एक असे सहा डोस आणि पुढे देखभालीचे. ही बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. पहिली तपासणीची दुर्बीण तीन महिन्यांनी, आणि ती तारीख रक्त दिसत नाही म्हणून पुढे ढकलू नका. वडील तंबाखू, बिडी, सिगारेट यातलं काही घेत असतील तर ते आजपासूनच बंद करायला लावा. स्लाइड आणि ब्लॉक (नमुना बसवलेले मेणाचे ठोकळे) हॉस्पिटलमधून मागून घरी जपून ठेवा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायची वेळ आली तर तेच लागतात.