फोटो-पोस्टकार्डावरील नाव आणि फोटोतील माणूस

आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या पोस्टकार्डाच्या आकाराच्या फोटोत एक दाम्पत्य व तान्हे मूल आहे, मागे ‘पोस्ट कार्ड’ असे छापलेले असून मोडीत दोन ओळी आणि एका बाईंचे नाव आहे, तर फोटोतील स्त्री म्हणजे त्याच बाई असे धरावे काय, असे आपण विचारले आहे. तूर्त तसे धरू नये, असे माझे मत आहे.

मागे ‘पोस्ट कार्ड’ छापलेले आहे म्हणून ते टपालात पडले होते असे नाही. त्या काळी स्टुडिओवाले मागे पत्त्याच्या रेघा छापलेला तयार फोटो-कागद वापरत, त्यामुळे यांतील पुष्कळ फोटो कधीच टपालात न पडता घरातल्या घरात राहिले. तिकिटाच्या चौकटीत कागदाच्या कंपनीचे नाव असेल तर ते भिंगातून पाहावे. उदाहरणार्थ, ‘अ‍ॅझो’ या कागदावर त्या चौकटीच्या कोपऱ्यांतील चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर तो कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला, आणि दोन वर व दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० मधला मानतात. मात्र हा काळ कागदाचा आहे, फोटो काढल्याचा नव्हे. माणूस गेल्यावर त्याच्या जुन्या फोटोवरून नवी प्रत काढून घेण्याची पद्धत होती; चेहऱ्याच्या कडा पुसट आणि डोळे-भुवया कुंचल्याने गडद केलेल्या दिसल्या, तर ही शंका अवश्य घ्यावी. तिकीट शिल्लक असेल तर काम बरेच सोपे होते, कारण भारतात पोस्टकार्डाचा दर १९२२ पर्यंत पाव आणा होता आणि त्या वर्षी तो अर्धा आणा झाला.

खरी माहिती मिळते ती मायन्यात. ‘तीर्थरूप’ व ‘साष्टांग नमस्कार’ असेल तर लिहिणारा वयाने किंवा नात्याने लहान, ‘चि. सौ.’ व ‘अनेक आशीर्वाद’ असेल तर तो मोठा आणि जिला लिहिले ती विवाहित, ‘गं. भा.’ असेल तर ती बाई तोवर विधवा झालेली. ‘चि. सौ. कां.’ हे लग्न ठरलेल्या मुलीसाठी, त्यामुळे एवढ्या तीन अक्षरांवरूनही तारखेचा अंदाज बांधता येतो. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवावेत, माघ-फाल्गुनातील तिथीला ७९. पौषात मात्र जुने पंचांग पाहिल्याशिवाय ठरवू नये.

आमच्याकडे अशाच एका कार्डावर पणजीचे नाव होते, म्हणून फोटोतील बाईंना आम्ही कित्येक वर्षे पणजी समजत होतो आणि ती तसबीर तिच्या नावानेच भिंतीवर होती. मोडी शिकल्यावर मी ती ओळ वाचली, तेव्हा तिची सुरुवात ‘चि. सौ.’ने होती आणि पुढे बाळाचा फोटो पाठविल्याचा उल्लेख होता. अर्थात नाव जिला फोटो पाठविला तिचे, म्हणजे पणजीचे होते, आणि फोटोत होती ती तो पाठविणाऱ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे पणजीची वहिनी. (तसबीर अजून तेथेच आहे, फक्त खालची चिठ्ठी बदलली.)

लग्नानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे कार्डावरील नाव माहेरचे आहे की सासरचे, हाही प्रश्न राहतोच, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्यामुळे पुरुषांच्या बाबतीत दोन पिढ्यांची गल्लत सहज होते. म्हणून मुलाच्या अंदाजे वयावरून जन्मवर्ष काढावे आणि ते घरातील जन्मपत्रिका, शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदी, कुलवृत्तांत छापलेला असल्यास तो, तसेच त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्याशी ताडून पाहावे. वह्यांत घरातील कोण कोण यात्रेला आले ते नावानिशी मिळते, परंतु गावाचे मूळ नाव व आडनाव ठाऊक असावे लागते. पगडी, फेटा किंवा दागिने यांवरून काळ ठरविण्याचा मोह आवरावा, कारण म्हातारी माणसे तरुणपणची पगडी सोडत नसत आणि स्टुडिओत कोट उसनाही मिळे. चेहरा जुळविणारी ॲप बहिणीबहिणींत घोटाळा करतात; मी त्यांवर विसंबत नाही.

फोटो अल्बममध्ये चिकटवलेला असेल तर ओढून काढू नये. सुटा असेल तर दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयने स्कॅन कराव्यात, शिवाय मागील बाजूचा एक फोटो तिरप्या उजेडात घ्यावा, म्हणजे पुसट पेन्सिल आणि स्टुडिओचा उठावाचा शिक्का दिसतो. मोडीच्या त्या दोन ओळी पूर्ण येतील असा फोटो येथे टाकलात तर मी वाचून देईन.